रंग नवा, गाडी जुनी : पिंपरीत जन्मलेली सिएरा घ्यायची तर आधी पत्रा वाचायला शिका!

टाटा सिएरा आठवतेय का? बाजूला दोनच दारे, पाठीवर स्टेपनी आणि मागे थेट छतात वळत गेलेली ती भली मोठी काच. १९९१ मध्ये ही गाडी आली तेव्हा रस्त्यावर ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांचं राज्य होतं. पॉवर विंडो ही गोष्ट बहुतेकांनी तेव्हा फक्त ऐकलेली. अशा काळात ही गाडी एका भारतीय कंपनीने बनवली, आणि तीही आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या कारखान्यात. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. कंपनीचं नाव बदललं ते २००३ मध्ये.

२०२५ मध्ये टाटाने सिएरा हे नाव एका नव्या गाडीला देऊन परत आणलं. साहजिकच जुनीची आठवण निघाली. कुणाच्या काकांकडे होती, कुणाच्या वडिलांच्या साहेबांकडे होती. मग मनात येतं, एखादी जुनी सिएरा आपल्याला मिळाली तर?

मिळेलही. पण मंडळी, तीस वर्षांची गाडी घेणं आणि सात वर्षांची सेकंड हँड गाडी घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंजिन बिघडलं तर बसवता येतं, गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करता येतो. सडलेला पत्रा आणि हरवलेली काच मात्र भल्याभल्यांना रडवते. म्हणून अशा गाडीची तपासणी बाहेरून आत करायची असते.

चऱ्होलीतल्या दोन सिएरा

समजा, चऱ्होलीत दोन जुन्या सिएरा विकायला आहेत.

पहिली उभी आहे इंद्रायणीच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर. लालभडक, आरशासारखी चकचकीत. विकणारा म्हणतो, "दादा, मागच्याच महिन्यात फुल बॉडी पेंट केलाय. एकदम शोरूम कंडिशन!"

दुसरी आहे एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मूळचा पांढरा रंग पिवळट पडलाय, बोनेटवर हात फिरवला तर बोटाला खडूसारखी भुकटी लागते. उजव्या दाराला एक जुना चेप आहे. खालची करडी प्लास्टिकची पट्टी उन्हाने पार विटलीय.

दोन्हीची किंमत सारखी धरू. घ्यायची कोणती? दहातले नऊ जण लालकडे वळतील. जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेला माणूस मात्र पांढरीच्या दाराखाली वाकून बघायला सुरुवात करेल. तो असं का करतो, हे समजलं की निम्मं काम झालं.

आधी एक शब्द समजून घेऊ : मॉडर्न क्लासिक

व्हिंटेज गाडी म्हटली की डोळ्यांसमोर येतात राजेरजवाड्यांच्या गाड्या. आपल्याकडे कायद्याने व्हिंटेजची व्याख्या २०२१ मध्ये ठरली : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांचा निकष लावते. साधारण वीस ते चाळीस वर्षांच्या ज्या गाड्या आहेत, ज्यांच्यावर लोकांचा जीव आहे पण कायद्याच्या नजरेत ज्या निव्वळ 'जुन्या' आहेत, त्यांना मॉडर्न क्लासिक म्हणतात. सिएरा, तिची भावंडं असलेल्या टाटा इस्टेट आणि पहिली सफारी, कॉन्टेसा, प्रीमियर ११८ एनई, मारुती १००० ही सगळी त्यातलीच मंडळी.

या गाड्यांची अडचण अशी की त्या अजून कुणाला 'वारसा' वाटत नाहीत. त्यामुळे तीस वर्षांत त्यांच्यावर हौसेने काय वाट्टेल ते प्रयोग झालेले असतात.

रंगाखाली काय दडलंय?

गाडी बघायला सकाळी जा, उजेड तिरपा असताना. आणि गाडी कोरडी हवी. "आत्ताच धुतलीय" असं म्हणून ओली गाडी समोर आली, तर सरळ चहा प्यायला जा आणि ती वाळल्यावर परत या. पाणी म्हणजे फुकटचं पॉलिश, त्याखाली रंगातले बारीक दोष दिसत नाहीत.

आता गाडीच्या एका टोकाला उकिडवे बसा आणि पत्र्याच्या लांबीच्या दिशेने बघा. समोरचा विजेचा खांब किंवा इमारतीच्या खिडक्यांची ग्रिल पत्र्यात दिसेल. हळूहळू डोकं हलवा. प्रतिबिंब सरळ सरकत गेलं तर पत्रा सपाट आहे. मध्येच ते पाण्यात पडल्यासारखं हललं, तर तिथे डेंटरचा हात लागलाय.

पुढची पायरी फ्रिजवरच्या लोहचुंबकाची. जाहिरातीचं जे चपटं, लवचिक चुंबक असतं ना, तेच हवं. ताकदवान चुंबक घेऊ नका, ते पुट्टीच्या थरातूनही खालचा लोखंडी पत्रा धरतं आणि फसवतं. मऊ कापडात गुंडाळून दाराखाली, चाकांवरच्या कमानींवर, फेंडरवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही किंवा पत्र्यावर जाड थर आहे. सिएराच्या खालच्या बाजूची पट्टी प्लास्टिकची असते. तिथे चुंबक चिकटलं नाही म्हणून घाबरू नका.

थोडे पैसे खर्च करायची तयारी असेल तर रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. ते मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. वर आणखी एकदा रंग मारला की आकडा दोनशे-तीनशेवर जातो. पाचशेच्या पुढे गेलात की पुट्टी आली. हजार-दोन हजार दिसले तर तिथे एक-दोन मिलिमीटर लेप थापलाय.

पण आकडा एकट्याने काही सांगत नाही, नकाशा सांगतो. सगळ्या गाडीवर अडीचशे असेल तर कुणीतरी संपूर्ण गाडी प्रामाणिकपणे रंगवलीय. बाकी सगळीकडे १३० आणि फक्त डाव्या मागच्या कमानीवर १४०० असेल, तर तिथे काहीतरी घडलंय. काय घडलं, हे विकणाऱ्याला विचारा. खरं सांगणारा लगेच सांगतो.

लगे हात एक गैरसमजही दूर करू. पुट्टी म्हणजे पाप नव्हे. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पातळ पुट्टी घेऊनच रंग बसतो, जगभर हेच करतात. पाप आहे ते गंज साफ न करता त्यावर पुट्टी थापणं. पुट्टी ओलावा शोषते. लोखंड गंजलं की मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे आतला गंज रंगाला बाहेर ढकलतो आणि वर फोड येतो. म्हणजे फोड दिसतो तो आजाराचा शेवटचा टप्पा. गंज आतून आधीच पोखरून झालेला असतो. चकचकीत लाल सिएराची खरी परीक्षा त्यामुळे गाडी घेतल्यावर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात होते. तोवर पैसे गेलेले असतात.

पांढऱ्या सिएराची भुकटी

आता त्या खडूसारख्या भुकटीकडे येऊ. ती बघून लोक नाक मुरडतात. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा चांगली बातमी असते!

नव्वदच्या दशकात साध्या, बिनमेटॅलिक रंगाच्या अनेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर नसायचा. रंग थेट उन्हाला तोंड द्यायचा आणि वरचा थर भाजून भुकटी व्हायची. अशा रंगावर एका कोपऱ्यात थोडं पॉलिश घेऊन पांढरं नसलेलं कापड घासलं, तर कापडाला रंग लागतो. हलक्या हाताने बफिंग केलं की खालचा ताजा रंग वर येतो. आज बहुतेक गॅरेजांत वर पारदर्शक क्लिअर कोट मारतात, त्यामुळे तिथे कापड स्वच्छ राहतं. ही काही कोर्टात चालणारी साक्ष नव्हे, कारण बिनाक्लिअरचे रंग आजही मारले जातात. पण बाकीच्या खुणांशी जुळली तर उपयोगी पडते.

खात्रीसाठी रंगारी जिथे पोहोचत नाही त्या जागा बघा. पेट्रोल-डिझेलच्या झाकणाची आतली बाजू. दाराच्या बिजागरीमागचा कोपरा. मागच्या मॅटखालचा पत्रा. बोनेट उघडल्यावर फेंडर धरून ठेवणाऱ्या बोल्टची डोकी. बोल्टच्या कडांवरचा रंग पाना लागून उडाला असेल तर फेंडर कधीतरी उतरला होता. दारांच्या आणि काचांच्या रबरी बीडिंगवर रंगाचे बारीक शिंतोडे असतील तर रंगवताना बीडिंग काढायचा कंटाळा केलाय. आणि ज्याने बीडिंग काढायचा कंटाळा केला, त्याने गंज घासायचा कंटाळा केला नसेल का?

आपल्या लाल सिएराचं डिझेलचं झाकण उघडलं तर आत, समजा, निळा रंग दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कागदपत्रांपर्यंत गेल्यावर लागणार आहे.

या पट्ट्यातली एक खास फसगतही सांगायला हवी. भोसरी, चाकणच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर, विशेषतः फिकट रंगाच्या, बारीक नारिंगी ठिपके दिसतात. जिथे लोखंड कापलं-घासलं जातं तिथून उडणारे सूक्ष्म कण रंगावर बसतात आणि ते स्वतः गंजतात. गाडीचा पत्रा गंजलेला नसतो! डिटेलिंगवाले ज्याला क्ले बार म्हणतात त्या मऊ वडीने ते निघतात. ठिपका सपाट आणि टाचणीच्या डोक्याएवढा असेल तर बहुधा हा प्रकार. बोटाला उंचवटा लागला तर मात्र आतला गंज.

गंज शोधायचा तर खाली वाका

सिएरा ही टाटाच्या पिकअपवरून तयार झालेली गाडी. १९८८ च्या टाटामोबिलचा पाया घेऊन टेल्कोने तिला अंग चढवलं. त्यामुळे खाली शिडीसारखं वेगळं चेसिस आणि वर पत्र्याचं शरीर अशी तिची रचना आहे. दार सडलं तर दार बदलता येतं, पत्रा कापून नवा लावता येतो. चेसिस सडलं तर गाडीचा कणाच गेला. म्हणून टॉर्च घेऊन आधी चेसिसकडे बघा, विशेषतः जिथे आडवे-उभे भाग जोडलेत आणि जिथे चिखल साचतो तिथे. वर नुकताच काळा डांबरी लेप मारलेला असेल तर अधिक सावध व्हा. लेप हा गंज थांबवायलाही मारतात आणि लपवायलाही.

मग वरच्या जागा. समोरच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे. छताच्या कडेची पन्हळ. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला ठेवलेली बारीक भोकं. ही भोकं धुळीने बुजली की दारात पाणी साचतं आणि दार आतून सडतं. दाराखालचा उंबरठा अंगठ्याने दाबा. पत्रा 'करकर' वाजला तर समजा. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटून आवाज ऐका : चांगला पत्रा खणखणतो, पुट्टी 'थप' वाजते. टोक खुपसायचं नाही बरं का, गाडी अजून तुमची झालेली नाही!

सिएराच्या मागच्या दाराकडे वेगळं लक्ष द्या. ते बाजूला उघडतं आणि त्यावर स्टेपनीचं वजन आहे. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलून बघा. खाली-वर हललं तर बिजागऱ्या झिजल्यात, आणि असं दार वर्षानुवर्षं आदळत असेल तर बिजागरीभोवतीचा पत्रा तडकलेला सापडू शकतो.

गाडी कुठे राहिली याला फार महत्त्व आहे. नंबर प्लेट तेवढं सांगते. एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, एमएच-१२ पुणे. ही देशावरची कोरडी हवा. एमएच-०८ रत्नागिरी किंवा एमएच-०१ मुंबई असेल तर खाऱ्या वाऱ्यात गाडीने दिवस काढलेत. पुण्यात नोंदलेली गाडी आयुष्यभर अलिबागच्या बंगल्यातही उभी असू शकते म्हणा. म्हणून विचारा.

आणि चऱ्होलीची गाडी म्हणून निर्धास्तही राहू नका. नदीकाठचा दमटपणा, मातीच्या प्लॉटवर गवतात उभी केलेली चाकं आणि वर बांधलेलं प्लास्टिकचं कव्हर, एवढं जमलं की देशावरही कोकण तयार होतं. हवा खेळत नसलेल्या कव्हराखाली ओल अडकते. उघड्यावर उन्हात रंग उडालेली गाडी त्यापेक्षा बरी असू शकते, कारण ती निदान वाळते तरी!

ती काच!

सिएराची ओळख म्हणजे मागच्या बाजूच्या त्या दोन वळणदार काचा. उघडत नाहीत, पण मागे बसणाऱ्याला अर्धं आभाळ दिसतं. नव्या सिएराने हा थाट पुन्हा आणलाय, पण तिचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. मूळ काच फुटलेली असेल तर दुसऱ्या सिएरातूनच काढावी लागते.

आणि 'दुसरी सिएरा' मिळणंही सोपं राहिलेलं नाही. भंगाराच्या गोदामांसाठी ओळखला जाणारा चिखलीतला कुदळवाडीचा भाग चऱ्होलीपासून जवळच. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत शेड आणि गोदामं पाडली. भंगारातून एखादा पार्ट शोधून काढणाऱ्यांची एक हक्काची फेरी त्यामुळे बंद झाली.

म्हणून या काचेची तपासणी रंगापेक्षा जास्त वेळ घेऊन करा. तडा नाही ना, कडेच्या रबरातून पाण्याचे ओघळ आत आलेत का, आतला कपडा डागाळलाय का. गाडीच्या सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का असतो. सगळीकडे एकच शिक्का असेल तर उत्तम. एकाच काचेवर वेगळा असेल तर ती बदललीय. अनेक शिक्क्यांत उत्पादनाच्या वर्षाचा आकडाही दडलेला असतो. १९९४ च्या गाडीवर दहा वर्षांनंतरची समोरची काच असणं यात विशेष काही नाही, खडे उडून पुढच्या काचा फुटतातच. पण बाजूच्या काचा, फेंडर आणि दार एकाच बाजूचे बदललेले निघाले तर एका मोठ्या अपघाताची गोष्ट समोर उभी राहते.

काचांवर आणखी एक ओरखडा शोधा : काळ्या फिल्मचा. नव्वदीत सिएराला काळी फिल्म लावणं ही फॅशनच होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि देशभर लोकांनी ब्लेड घेऊन फिल्म खरवडल्या. त्या ब्लेडचे चरे आजही काचांवर असतात. अशीच कथा पुढच्या जाडजूड स्टीलच्या बंपर गार्डची. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने अशा गार्डविरुद्ध कारवाई करायला राज्यांना सांगितलं, गार्ड उतरले, पण बसवताना पाडलेली भोकं राहिली. ती दिसली तर किंमत कमी करायला मागा, गाडी सोडू नका. चरा आणि भोक हे दोष आहेत, फसवणूक नव्हे.

बाकी बारीकसारीक गोष्टी पटकन बघून घ्या : चिन्हं, अक्षरं, ग्रिल, लाइटच्या काचा, व्हीलकॅप, आरसे. डाव्या-उजव्या लाइटवर एकाच कंपनीचं नाव आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. बाजारात कुठल्याही गाडीला बसतील असे लाइट आणि आरसे मिळतात. ते गाडीला बसतात, पण तिचे नसतात. जुने मूळ लाइट पिवळट पडलेले असले तरी विकणाऱ्याकडे पोत्यात बांधून ठेवलेले असतील तर मागून घ्या. अशी पोती अनेकदा गाडीइतकीच मोलाची ठरतात.

दोन दारांमधली फट

पत्र्यांमधल्या फटी सारख्या हव्यात, हा सल्ला सगळेच देतात. तो सिएराला जसाच्या तसा लावला तर मात्र फसाल. त्या काळच्या भारतीय गाड्यांच्या फटी कारखान्यातून निघतानाच सारख्या नसायच्या! म्हणून सिएराची तुलना सिएराशीच करा, डावी बाजू उजव्या बाजूशी. दोन्हीकडे सारखीच वाकडी असेल तर ती जन्मखूण समजायची. एकीकडे बोट जातं आणि दुसरीकडे नखही जात नाही, असं असेल तर ती जखम.

उलट उदाहरणही पिंपरीचंच आहे. मर्सिडीज बेंझने भारतात कंपनी सुरू केली १९९४ मध्ये, टेल्कोबरोबर भागीदारीत. १९९५ पासून तिची ई-क्लास, जिला चाहते डब्ल्यू-१२४ म्हणतात, टेल्कोच्याच आवारात जोडली जाऊ लागली. मर्सिडीजचा कारखाना चाकणला गेला तो २००९ मध्ये. म्हणजे सिएरा आणि ही मर्सिडीज एकाच गावच्या लेकी. पण मर्सिडीजच्या फटी काटेकोर असतात, तिथे फरक दिसला की शंका घ्यायचीच.

या गाडीची एक छान परीक्षा आहे. १९९३ मध्ये या मॉडेलचा चेहरा बदलला : ग्रिल बोनेटचाच भाग झाली, तारा ग्रिलवरून बोनेटवर आला आणि पुढच्या नारिंगी इंडिकेटरच्या जागी रंगहीन काच आली. पिंपरीची गाडी १९९५ ची, म्हणजे तिला नवाच चेहरा हवा. नारिंगी इंडिकेटर आणि जुनी ग्रिल दिसली तर पुढचा भाग दुसऱ्या गाडीचा असण्याची शक्यता मोठी. शिवाय हिच्या दारांवर खाली जी रुंद प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यामागे जॅक लावायच्या जागा गंजतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पट्टी काढून बघू द्यायला मालक तयार नसेल तर व्यवहारही तिथेच थांबवा.

मूळ रूप टिकवण्याचा कायद्याशी काय संबंध?

बराच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसी बुकवर नोंदलेली कंपनीची मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. रंगाची नोंदही आरसीवर असते. आता ते झाकणाखालचं निळं आठवा. आरसीवर निळा आणि अंगावर लाल असेल, तर रंगबदलाची नोंद झालेली नाही. आरटीओत पासिंगला गेल्यावर ही गोष्ट नव्या मालकाच्या गळ्यात येते.

पासिंग टळत नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. त्याआधी ती ५,००० होती. पर्यावरण कर वेगळा. म्हणून आरसीवरची मुदत बघितल्याशिवाय भाव बोलू नका.

२०२१ च्या व्हिंटेज नियमात एक अट आहे, जी फारशी कुणी वाचत नाही. ५० वर्षं झाली एवढ्यावर गाडी व्हिंटेज ठरत नाही. ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल झालेले नकोत. १९९१ ची सिएरा २०४१ मध्ये या दारात उभी राहील. आज कुणी तिचं छत कापून सनरूफ बसवलं किंवा दुसरंच इंजिन घातलं, तर ते दार तेव्हा उघडणार नाही. फिवाची भूमिकाही याच अंगाने जाणारी आहे : नव्याने घडवण्यापेक्षा जे आहे ते जपण्याला प्राधान्य. अमेरिकेतल्या पेबल बीचसारख्या नावाजलेल्या स्पर्धेत तर न रंगवलेल्या, जशाच्या तशा राहिलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट असतो.

एका बाबतीत मात्र मूळ रूपाचा हट्ट चालत नाही. १९९१ मध्ये खासगी गाडीची नंबर प्लेट काळी, अक्षरं पांढरी असायची. २००१ च्या सुमारास ती उलटी झाली. आता महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही एचएसआरपी प्लेट बंधनकारक आहे. काळी प्लेट फार आवडत असेल तर घरात भिंतीवर लावा, गाडीवर नको.

मग लाल की पांढरी?

पांढरीचा चेप डेंटर काढेल. बफिंगने बोनेट बऱ्यापैकी उजळेल. पिवळा पडलेला रंग पूर्ण जाणार नाही, पण त्याखाली काय आहे ते दिसतंय. लालखाली काय आहे ते दिसत नाही, आणि ते बघायचं तर नवा रंग खरवडावा लागेल.

तरीही लाल सिएरा घ्यायचीच नाही असं नव्हे. तिच्या मालकाकडे रंगवण्याआधीचे, पत्रा उघडा असतानाचे फोटो असतील, यंत्रावर आकडे सगळीकडे सारखे येत असतील, रंगाची नोंद करून द्यायची त्याची तयारी असेल आणि चेसिस कोरडं निघालं, तर ती चांगल्या हाताने सांभाळलेली गाडी आहे. तसंच पांढरीच्या उंबरठ्यात बोट आत गेलं तर मूळ रंगाचं कौतुक करत बसण्यात अर्थ नाही. निर्णय गाडी बघून घ्यायचा, रंग बघून नाही.

टोकन देण्याआधी शेवटचं काम. चेसिसवर कोरलेला नंबर शोधा, तारेच्या ब्रशऐवजी कापडाने आणि थोड्या डिझेलने पुसा. ब्रशने घासलं तर गंजलेले आकडे आणखी झिजतात. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, आरटीओत घेतात तसा ठसा उमटेल. तो आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आकड्यांच्या ओळी वाकड्या, आजूबाजूचा पत्रा जोडलेला किंवा एखादा आकडा गंजाने खाल्लेला दिसला, तर पैसे खिशातच ठेवा आणि नंबरचा प्रश्न आरटीओत सोडवून आणायला विकणाऱ्याला सांगा.